संहिता नसताना बोलायचं कसं: दशावतारात नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी

तुळशीची लग्नं लागली की सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि दशावताराचे, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या आमच्या लोकनाट्याचे, पेटारे बाहेर निघतात. तिथपासून पाऊस तोंडावर येईपर्यंत मंडळाला उसंत नसते. पारंपरिक दशावतारात पाठ करायला वही नसते. आख्यान, म्हणजे त्या रात्रीची पौराणिक कथा, कुठलं आणि कोणाला कुठला पार्ट, हे पुष्कळदा रंगपटात तोंडाला रंग लावता लावताच ठरतं. पालखी फिरून आली, आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा ठरलेला भाग, झाला की आख्यान उभं राहतं आणि उजाडेपर्यंत जे बोललं जातं ते तिथल्या तिथे घडत जातं.

नव्या मुलांना वाटतं की हे उपजतच असावं लागतं. तसं नाही. आवाज आणि चेहरा उपजत मिळतो, बोलणं मिळवता येतं. कसं, ते पुढे एकाच आख्यानाच्या आधाराने सांगतो. आख्यान जालंधर-वृंदेचं घेऊ. तुळशीशी जोडलेली कथा असल्यामुळे कार्तिकात ती हमखास लागते आणि आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आधी कथा हातात घ्या

कथा दहा वाक्यांत लिहून काढा, अकरावं नको. दहांत बसत नसेल तर मुख्य काय आणि फांदी काय, हे तुम्हाला अजून उमगलेलं नाही. जालंधर शंकराच्या क्रोधातून समुद्रात जन्मला, समुद्राने त्याला वाढवलं. कालनेमीची मुलगी वृंदा त्याची बायको झाली. देवांनी समुद्र घुसळून रत्नं नेली हे कळल्यावर त्याने इंद्राकडे ती परत मागितली. इंद्राने नाकारलं, युद्ध पेटलं. वृंदेच्या पातिव्रत्यामुळे जालंधर मरेना. असं करत दहाव्या वाक्याला तुळस उगवली पाहिजे.

यातल्या दोन जागा नाईकाशी, म्हणजे मंडळाच्या सूत्रधाराशी, आधीच ठरवून घ्या. पहिली शापाची: विष्णू जालंधराचं रूप घेऊन फसवतो, तेव्हा वृंदा त्याला शाप देते. ‘तू दगड होशील’ असा शाप लोकांच्या ओळखीचा आहे. ‘तुझीही बायको कोणीतरी हरण करील’ असा शाप पुराणात सापडतो आणि त्यातून पुढे रामावताराचा धागा निघतो. वृंदेने एक शाप दिला आणि विष्णूने दुसऱ्याचं उत्तर दिलं तर त्याच प्रवेशात नाटक कोसळतं. दुसरी जागा लक्ष्मीची. समुद्रातून आली म्हणून ती जालंधराची बहीण आणि विष्णू त्याचा मेहुणा. हे नातं उघड करायचं असेल तर ते पहिल्या तासात यावं, म्हणजे पुढे विष्णू जे करतो त्याचा भार प्रेक्षकाला आपोआप जाणवतो. शेवटी आठवण झाली म्हणून सांगितलं तर ती नुसती माहिती होते.

मग प्रवेशांची यादी करा आणि प्रत्येक प्रवेशासमोर एवढंच लिहा: प्रेक्षकाला इथे नवीन काय कळलं पाहिजे. एका प्रवेशाला एक गोष्ट, फार तर दोन. राजाने समुद्रमंथन सांगितलं, मग नारदाने सांगितलं, मग दूताने इंद्रापुढे पुन्हा सांगितलं, अशी फरफट नव्या संचात नेहमी होते. कारण तिघांनाही तीच गोष्ट चांगली पाठ असते! कोण सांगणार ते ठरलं की बाकीचे दोघे मोकळे होतात आणि त्यांना दुसरं काहीतरी बोलावं लागतं. तिथूनच बोलणं सुधारायला लागतं.

साठा

काही बोलणी प्रत्येक आख्यानात लागतात: स्वतःची ओळख, पाहुण्याचं स्वागत, युद्धाचं आव्हान, आशीर्वाद किंवा निरोप, आणि विलाप. या पाचांचे प्रत्येकी तीन नमुने तयार ठेवा. प्रत्येक नमुना चार वाक्यांच्या आत. पंधरा नमुने पावसाळ्याच्या चार महिन्यांत सहज होतात. ते कागदावर उतरवू नका, मोठ्याने बोलत तयार करा. लिहिलेलं वाक्य डोळ्यासाठी असतं, त्याच्या मध्ये श्वास कुठे घ्यायचा ते कागद सांगत नाही. बोलून केलेलं वाक्य श्वासाच्या मापानेच तयार होतं.

साठ्याचं काम म्हणजे तुम्हाला उसंत देणं. मागून पुढचं सुचेपर्यंत चार वाक्यं तोंडात तयार असली की भीती जाते. पण सगळा पार्ट साठ्यावर काढणारे नट दोन हंगामांत ओळखू येतात. राजा हरिश्चंद्र असो की जालंधर, त्यांची ओळख तीच, दरबार तोच आणि समोर कोण बसलंय याच्याशी त्याचा काही संबंध नसतो.

श्लोक आणि पदं मात्र काटेकोर पाठ करा. भुजंगप्रयाताची चाल मनाच्या श्लोकांमुळे घरोघरी कानात आहे: बारा अक्षरं, लघु-गुरू-गुरू असं चार वेळा. स्वतः रचायचं असेल तर अभंगापासून सुरुवात करा. सहा, सहा, सहा, चार अक्षरं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. वृंदेसाठी एखादा मुलगा पटकन रचेल:

तुळशीच्या दारी । दिवा मी लावीन । वाट मी पाहीन । पहाटेस ॥

मोजून पाहा, अक्षरं बरोबर आहेत, यमकही जमलं आहे. तरीही हे चुकलंच. वृंदा जिवंत आहे तोवर जगात तुळस कुठून आली? ती तर वृंदेच्या राखेतून यायची आहे. जत्रेत पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बाया ही चूक बरोबर पकडतात. ‘उंबरठ्यापाशी’ म्हणा, तेवढीच सहा अक्षरं होतात आणि कथा शाबूत राहते. रचना करताना अक्षरं मोजण्याआधी त्या बाईच्या दारात त्या वेळी काय काय असेल ते डोळ्यांपुढे आणा.

पदाची पट्टी पेटीवाल्याशी आधी ठरवा. गद्यातून पदात जाताना शेवटचं वाक्य जरा लांबवून सोडा, म्हणजे पायपेटी सूर धरते आणि मृदंगाला समेची जागा मिळते. अचानक गायला लागलात तर पहिली ओळ हमखास बेसूर जाते.

राजाची भाषा, घरची भाषा

राजपार्टाची भाषा ग्रंथातली आणि आपल्या घरची मालवणी. घाईत घरची भाषा वर येते. दरबार भरलेला असताना राजा ‘माका सांग’ म्हणतो किंवा ‘मी येतंय’ म्हणतो आणि गंभीर प्रसंगात हशा पिकतो. त्यावर उपाय म्हणून बरेचजण जड शब्दांच्या मागे लागतात, आणि तिथे दुसरी फजिती होते. ‘देदीप्यमान’चं ‘दैदिप्यमान’, ‘निर्भर्त्सना’चं ‘निर्भत्सना’. ज्या शब्दाचा अर्थ शेजाऱ्याला सोप्या मराठीत सांगता येत नाही तो राजाच्या तोंडी घालू नका. राजेपण शब्दाच्या वजनात नसतं. वाक्य पुरं करण्यात असतं. राजा वाक्य अर्धं सोडत नाही, ‘म्हणजे’, ‘काय आहे’ असं मध्ये घोटाळत नाही, आणि उत्तर द्यायला घाई करत नाही. एवढं सांभाळलं तर साधी मराठीही दरबारी वाटते.

सरावासाठी रोज अर्धा तास एकच गोष्ट दोन्ही भाषांत बोला. बाजारात बांगडा महाग झाला, हे आधी घरी सांगतो तसं मालवणीत सांगा आणि लगेच राजाने प्रधानाला सांगावं तसं. दोन्हीकडे राग तेवढाच उतरला पाहिजे. बहुतेकांचा राग मालवणीत खरा असतो आणि राजभाषेत आला की पोकळ होतो. तो पोकळपणा स्वतःच्या कानांनी ऐकणं हाच सराव.

खलपार्ट आतून धरायचा

राक्षस म्हटलं की मुलं डोळे वटारून हसायला लागतात. गडगडाटी हसणं लागतंच, प्रेक्षक त्याची वाट बघतात. पण जालंधर तेवढ्यावर उभा राहत नाही. पार्ट मिळाला की तीन प्रश्नांची उत्तरं त्याच्या बाजूने, ‘मी’ लावून द्या. माझ्यावर काय अन्याय झाला? मला कोण प्रिय आहे? मी जे वाईट करतो आहे ते मला वाईट का वाटत नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जालंधरापाशी फार बळकट आहे. त्याचा बाप समुद्र. देवांनी बापाच्या उरावर मंदार पर्वत ठेवला, वासुकीचा दोर केला, त्याला घुसळला आणि त्याच्या पोटातलं सगळं वाटून घेतलं. अमृत, ऐरावत, कल्पवृक्ष, लक्ष्मीसुद्धा. बापाला कोणी विचारलं नाही. किनाऱ्यावरच्या गावात, ज्यांचं सगळं घर दर्यावर चालतं अशा माणसांपुढे हे बोलायचं आहे. ‘माझ्या पित्याला कोणी विचारलं होतं का, इंद्रा?’ एवढा एक प्रश्न शांतपणे, आवाज न चढवता विचारला तर मांडवात सन्नाटा होतो. तिथेच ओरडलात तर तो नुसता राक्षस उरतो.

तिसऱ्या प्रश्नाला फसवणूक चालत नाही. हाच जालंधर पुढे शंकराचं रूप घेऊन पार्वतीपुढे जातो. त्याची कड घेणं म्हणजे हे झाकणं नव्हे. ते कृत्य त्याच्या तोंडून आलं पाहिजे आणि त्याला ते स्वतःला पटलेलं असलं पाहिजे: ‘यांनी माझ्या घरचं सगळं नेलं, आता मी यांच्या घरचं नेतो.’ प्रेक्षक चूक ओळखतो. नटाने ती आधीच दाखवून दिली की पार्ट सपाट होतो. पुढे विष्णू वृंदेपुढे हेच करतो तेव्हा दोन्ही प्रवेश आपोआप समोरासमोर येतात. ते कोणी बोलून दाखवू नका.

स्त्रीपार्टाला यातलं सगळं लागू आहे, आणि आणखी एक. पुरुषाने बाईचा पार्ट करताना लाजणं, मुरकणं, पदराशी खेळणं हे पहिल्या दहा मिनिटांत संपवा. त्यानंतर बाईपण त्या बाईच्या काळजीत दिसलं पाहिजे. वृंदा काय करत वाट बघते? हात कशात गुंतलेत? घरातल्या बायका बोलता बोलता हातातलं काम थांबवत नाहीत, आणि थांबवतात तेव्हा काहीतरी घडलेलं असतं. हे बघायला लांब जावं लागत नाही.

समोरच्याचं वाक्य

आता मुख्य गोष्ट. दशावतारात नवीन वाक्य डोकं खाजवून निघत नाही, समोरच्याच्या वाक्यातून निघतं. म्हणून बोलायच्या सरावापेक्षा ऐकायचा सराव दुप्पट करा.

विष्णू जालंधराचं रूप घेऊन वृंदेपुढे आला आहे. वृंदा करणारा नट आयत्या वेळी म्हणाला: ‘नाथ, आज तुमच्या पावलांचा आवाज वेगळा वाटला.’ हे तुम्ही दोघांनी ठरवलेलं नव्हतं. तुमच्यापुढे आता तीन वाटा आहेत.

पहिली वाट साठ्याची: ‘प्रिये, देवांचा संहार करून मी विजयी होऊन परतलो आहे!’ वाक्य ठसठशीत आहे, पण वृंदेने पुढे केलेला हात तसाच राहिला. तिला आता नव्याने काहीतरी काढावं लागेल.

दुसरी वाट नाकारण्याची: ‘छे, तुला भास झाला.’ हे ऐकल्यासारखं वाटतं, पण विषय संपवतं. संशय निर्माण झाला होता, तो मारला. दहा मिनिटं चालू शकला असता असा प्रवेश दोन वाक्यांत आटपला.

तिसरी वाट: ‘रणात पावलं जड होतात, वृंदे. ज्या पावलांनी घरून निघालो, ती तिकडेच राहिली.’ यात तिच्या वाक्यातली पावलं घेतली आहेत. वृंदेसाठी ते थकलेल्या नवऱ्याचं बोलणं आहे. प्रेक्षकाला माहीत आहे की बोलणारा विष्णू आहे, म्हणून त्याच्यासाठी तेच वाक्य कबुलीजबाब आहे. आणि वृंदेला पुढचं आयतं मिळालं: ‘मग माझ्या उंबरठ्याच्या आत आली ती पावलं कोणाची?’ इथून ओळख पटण्यापर्यंतचा रस्ता दोघांना मिळून चालता येतो.

हा सराव दोघांनी एका बाकड्यावर बसून करायचा. नियम एकच: समोरच्याच्या वाक्यातला एक शब्द उचलूनच आपलं वाक्य सुरू करायचं. पहिल्या आठवड्यात हे कृत्रिम वाटेल आणि गती मंदावेल. ती मंदावू द्या. दुसऱ्या आठवड्यापासून शब्द उचलणं सोडा आणि भावना उचला: तो घाबरला असेल तर तुमच्या वाक्यात त्या भीतीची दखल हवी. एका दमात चार वाक्यांवर जाऊ नका. पाचव्या वाक्याला समोरचा नट ऐकणं सोडून आपलं काय बोलायचं ते जुळवायला लागतो.

उसनं आणि आपलं

जुन्या नटांकडून घेण्यात काही वावगं नाही, ही कला तशीच हातोहात आली आहे. प्रश्न काय घेता हा आहे. हल्ली रेकॉर्डिंग फोनवर असतात आणि नवी मुलं नावाजलेल्या नटाचं पल्लेदार भाषण ठेक्यासकट उचलतात. ज्या प्रेक्षकाने मूळ ऐकलं आहे तो दुसऱ्याच वाक्याला ओळखतो आणि तिथून पुढे तुमच्याकडे न बघता तुलना करत बसतो.

रेकॉर्डिंग ऐकायचंच तर एकाच आख्यानाची तीन वेगवेगळ्या मंडळांची ऐका. वाक्यं टिपू नका. तो कुठे थांबला, प्रश्न कधी विचारला, राग किती वेळ दाबून ठेवला, समोरच्याला कधी जागा दिली, एवढं टिपा. तिघांत सारखं जे असेल ते आख्यानाचं, म्हणजे सगळ्यांचं. ते बिनधास्त घ्या. एकात जे असेल ते त्या नटाचं. ते सोडून द्या, आणि त्या जागी तुम्ही काय बोलाल ते शोधा. नवेपणा मुद्दाम आणायला जाऊ नका, आजच्या बातम्या राजाच्या तोंडी घालून नवेपणा येत नाही. तुमच्या गावचा दर्या, तुमच्या घरची वाट बघणारी माणसं पार्टात उतरली की कोणाशीच न जुळणारं बोलणं आपसूक तयार होतं.

बातम्यांची जागा आडदशावतारात आहे. त्यातला राक्षस शंखासुर मालवणीत बोलतो आणि त्याला गावातलं सगळं चालतं: ‘भटा, ह्यां काय लिवलंस? माका वाचूक येणा नाय, पण खावक येता!’ संध्याकाळी गावात पोचलात की देवळाच्या आवारात, चहाच्या टपरीवर थोडं फिरा. रस्ता कुठे उखडलाय, पाणी कुठे येत नाही, एवढं पुरतं. पण थट्टा उत्तर देऊ शकणाऱ्याची करा. गावचा मानकरी, पुढारी, खुद्द मंडळाचा मालक चालेल. एखाद्याचं व्यंग, जात, गरिबी, घरातलं भांडण यावर हशा मिळतो, आणि त्या माणसाला तो त्याच गावात पुढे वर्षभर ऐकावा लागतो. असा हशा घेऊ नये.

अडखळलात तर

शब्द सुटला तर गप्प राहा आणि समोरच्याकडे बघा. तीन-चार सेकंदांची शांतता प्रेक्षकाला विचार वाटते. ‘अं’ मात्र वर टांगलेल्या माईकमधून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तरी सुचलं नाही तर प्रश्न विचारा: ‘तुला काय वाटतं, प्रधानजी?’ प्रधानाने लगेच सावरायचं, हे मंडळात आधीच बोलून ठेवलेलं असावं.

कथाच पुढे पळाली, म्हणजे समजा वृंदेने वेळेआधीच ‘तू विष्णू आहेस’ म्हटलं, तर ते नाकारून मागे जाऊ नका. प्रेक्षकाने ऐकलंय. विष्णूने ते तिच्या संशयाच्या रूपात घ्यावं: ‘इतक्या वर्षांच्या संसारानंतर तू मला परका म्हणतेस?’ आता ती डळमळते आणि गेलेली दहा मिनिटं परत मिळतात. अगदीच गुंता झाला तर नाईक आतून दूत पाठवतो. दूताचा पार्ट लहान म्हणून नवख्या मुलाला देतात, खरं तर तो कथा पक्की माहीत असलेल्याला द्यावा.

युद्धनृत्यानंतर लगेच लांब बोलायचं असेल तर आधी मृदंगाला दोन आवर्तनं वाजू द्या. धापा टाकत बोललेला शाप कोणाला लागत नाही.

पहाटे, रंग उतरवताना

शेवटचा दहीकाला (हंडी फोडण्याचा विधी) झाला, रंग पुसायला घेतला की दोघांनी एकमेकांना विचारा: आज नवीन काय आलं? पाच मिनिटं पुरे. समोरच्याला आठवतं ते वाक्य खरं, तुम्हाला स्वतःला आवडलं ते बहुतेक वेळा नुसतं लांब असतं. आठवलेलं वाक्य वहीत उतरवू नका, पुढच्या गावात ते मुद्दाम आणूही नका. जशीच्या तशी पुन्हा म्हटलेली ‘पावलं’ दुसऱ्या रात्री वृंदेच्या कानाला शिळी लागतात आणि तिचं उत्तरही शिळं येतं. टिपायचंच असेल तर एवढं टिपा की ते वाक्य येण्याआधी समोरचा काय म्हणाला होता. पंधरा दिवसांनी तेच आख्यान पुन्हा लागेल तेव्हा वृंदा कदाचित दिव्याबद्दल बोलेल, कदाचित काहीच न बोलता दारातून बाजूला होईल, आणि विष्णूला तिथून सुरुवात करावी लागेल.